‘यंदा लिनक्सचं वर्ष!’ : प्रोग्रामर लोकांचा वीस-पंचवीस वर्षं जुना जोक, जो भलत्याच ठिकाणी खरा झाला

डिसेंबर संपत आला की सोशल मीडियावर दोन पोस्ट हमखास दिसतात. पहिली, "नवीन वर्षात जिम लावणार." आणि दुसरी, प्रोग्रामर मंडळींच्या गोटातली, "पुढचं वर्ष लिनक्स डेस्कटॉपचं!"

दोन्हींचं पुढं काय होतं ते सगळ्यांना माहिती असतं. फरक इतकाच, की जिमवाला निदान पहिले चार दिवस तरी गंभीर असतो. लिनक्सवाली पोस्ट टाकणारा टाकतानाच हसत असतो. खाली कमेंटमध्ये कुणीतरी "हेच मागच्या वर्षी पण म्हणाला होतास" लिहितो, त्यावर दोनशे जण हसतात, आणि पुढच्या डिसेंबरात परत तेच.

कॉम्प्युटरच्या धंद्यात नसलेल्या माणसाला यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नाही. पण हा जोक समजून घेतला, तर तंत्रज्ञानाची भाकितं कशी चुकतात आणि कुठं जाऊन खरी होतात हे बऱ्यापैकी लक्षात येतं.

तर आधी जोक समजून घेऊ.

कॉम्प्युटरचा कीबोर्ड, स्क्रीन, हार्ड डिस्क, इंटरनेट या सगळ्यांना कामाला लावणारा जो मूळ प्रोग्रॅम असतो, तो म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. आपल्या घरातल्या आणि ऑफिसातल्या बहुतेक कॉम्प्युटरवर ती मायक्रोसॉफ्टची विंडोज असते. ॲपलवाल्यांची वेगळी. आणि तिसरी लिनक्स. ही फुकट मिळते, तिचा सोर्स कोड कुणीही वाचू शकतं, बदलू शकतं, वाटू शकतं.

१९९० चं दशक संपताना बऱ्याच शहाण्या लोकांना मनापासून वाटत होतं, की चांगली वस्तू फुकट मिळत असताना लोक विकतची कशाला घेतील? म्हणून "यंदा लिनक्स घराघरांत पोहोचणार" अशी भाकितं सुरू झाली. तेव्हा ती गंभीर होती. मग ती एक वर्ष चुकली, दोन वर्षं चुकली, दहा वर्षं चुकली. आणि हळूहळू त्याच वाक्याचा जोक झाला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टॅटकाउंटर या संस्थेच्या आकडेवारीत डेस्कटॉप-लॅपटॉपमधला लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ४ टक्क्यांच्या वर गेला. म्हणजे जन्मानंतर बत्तीस वर्षांनी चार टक्के. लिनक्सवाल्यांनी फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

सुरुवातच चेष्टेतून झालेली

२५ ऑगस्ट १९९१. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणारा २१ वर्षांचा लिनस टोरवाल्ड्स मिनिक्स नावाची एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम वापरायचा. तिच्या इतर वापरकर्त्यांना त्यानं एक निरोप लिहिला. मी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम बनवतोय, नुसता छंद म्हणून, ती जीएनयूसारखी मोठी आणि व्यावसायिक वगैरे काही होणार नाही, असा त्याचा सूर होता. ती आपल्याकडं आहे तसल्या हार्ड डिस्कशिवाय दुसऱ्या कशावर बहुतेक कधीच चालणार नाही, हेही त्यानं सांगून टाकलं होतं.

हा निरोप आज प्रोग्रामर लोक एकमेकांना दाखवून हसतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासात इतकं चुकलेलं भाकीत शोधून सापडायचं नाही, आणि ते खुद्द बनवणाऱ्यानंच केलं होतं.

त्यानं ज्या जीएनयूचं नाव घेतलं, ते नावही चेष्टाच आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला हा प्रकल्प. नावाचा अर्थ ‘जीएनयू इज नॉट युनिक्स’, म्हणजे नावातल्या ‘जी’चा अर्थ परत जीएनयूच. फोड करत बसलात तर रात्र संपेल, नाव संपणार नाही. आणि ज्या युनिक्सची यात खोडी काढलीय, ते नाव म्हणजे मल्टिक्स नावाच्या अवाढव्य प्रकल्पाची बेल लॅब्जमधल्या लोकांनी केलेली टिंगल. त्यांचं ‘मल्टी’, तर आमचं ‘युनि’.

थोडक्यात, या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय.

प्रोफेसर साहेबांनी नापास केलं

जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्सचे कर्ते, ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी जाहीरपणे सांगितलं की लिनक्स कालबाह्य आहे. तेव्हा तिला जन्मून सहा महिनेही झाले नव्हते.

त्यांचा मुद्दा मात्र हलका नव्हता. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. लिनक्सचा कर्नल एकसंध आहे. समजा एकाच मोठ्या खोलीत स्वयंपाक, देवघर, गोठा आणि धान्याची कणगी, तसं. कामं झटपट होतात, पण एका कोपऱ्यात पेट घेतला की सगळंच जातं. टॅनेनबॉम यांचं म्हणणं होतं की प्रत्येक कामाला वेगळी खोली हवी, म्हणजे एक पडली तरी घर उभं राहतं. एकसंध रचना म्हणजे १९७० च्या दशकात परत जाणं आहे. "तू माझा विद्यार्थी नाहीस म्हणून वाचलास, असल्या रचनेला मी चांगले मार्क दिले नसते," या अर्थाचा टोलाही त्यांनी हाणला. आणि पाच वर्षांत सगळे जण स्पार्क प्रोसेसरच्या मशीनवर जीएनयू वापरत असतील, असं भाकीत केलं.

पाच वर्षांनी स्पार्क कुणाच्या घरात आलं नाही.

पण गंमत पुढं आहे. २०१७ मध्ये असं उघड झालं की इंटेलच्या नव्या चिपांमध्ये एक छोटा, वापरणाऱ्याला न दिसणारा कॉम्प्युटर असतो, आणि त्याच्या आत चालते चक्क मिनिक्स. म्हणजे ज्या लोकांनी मिनिक्सचं नावही ऐकलं नाही, अशा अगणित लोकांच्या लॅपटॉपमध्ये ती गपचूप बसलेली होती. टॅनेनबॉम यांनी इंटेलला खुलं पत्र लिहून आभार मानले, आणि आधी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं अशी कोपरखळीही मारली.

दोघांपैकी कुणाचंच भाकीत बरोबर आलं नाही. दोघांच्याही ऑपरेटिंग सिस्टीम जगभर पसरल्या. फक्त कुठं, ते दोघांनाही सांगता आलं नव्हतं.

जिंकली, पण टेबलावर नाही

१९९० च्या दशकात टोरवाल्ड्सला कुणी लिनक्सचं उद्दिष्ट विचारलं, की तो गंभीर चेहरा करून ‘जगावर राज्य’ असं उत्तर द्यायचा. लोक हसायचे.

आता हिशोब बघा. तुम्ही हे ॲन्ड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर त्या फोनच्या आत लिनक्सचाच कर्नल आहे. जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरची एक यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतले पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालतात. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘ऐरावत’ २०२३ मध्ये त्या यादीत ७५ व्या नंबरला आला होता, तोही त्यातलाच. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेल्या नासाच्या ‘इन्जेन्युइटी’ हेलिकॉप्टरमध्येही लिनक्स होती.

म्हणजे खिशात लिनक्स, सुपरकॉम्प्युटरमध्ये लिनक्स, मंगळावर लिनक्स. फक्त टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तेवढी नाही. जोकमधली खरी कळ इथं आहे. टोरवाल्ड्सला २०१४ मध्ये शिकागोच्या एका परिषदेत विचारलं होतं, आता लिनक्सनं कुठं जायला हवं? त्याचं उत्तर होतं, मला अजून डेस्कटॉपच हवाय.

टेबलावर का नाही?

इथं बरेच लोक म्हणतात, लिनक्स अवघड आहे म्हणून. एकेकाळी ते खरं होतं. वायफाय चालू करायला रविवार जायचा. आता तसं राहिलेलं नाही. पण ऑपरेटिंग सिस्टीम कुणी ‘निवडत’ नाही, ती लॅपटॉपबरोबर येते. आणि माणूस ऑपरेटिंग सिस्टीमसाठी कॉम्प्युटर घेतच नाही, तो कामासाठी घेतो.

नाक्यावरच्या डीटीपीवाल्याचं उदाहरण घ्या. त्याच्याकडं लग्नपत्रिकेसाठी कोरल ड्रॉ आहे, श्रीलिपीचे फॉन्ट आहेत आणि पंधरा वर्षांच्या फाइली आहेत. शेजारच्या टॅक्सवाल्याकडं टॅली आहे. ही सगळी सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली. या दोघांना ‘स्वातंत्र्य’ आणि ‘ओपन सोर्स’ यावर कितीही भाषण द्या, ऐन सीझनमध्ये ते असला प्रयोग करणार नाहीत. आणि ते बरोबरच आहे.

जर्मनीतल्या म्युनिक शहरानं मात्र हा प्रयोग करून पाहिला. २००३ मध्ये तिथल्या नगर परिषदेनं ठरवलं की कार्यालयांतले जवळपास १५ हजार कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायचे. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी स्कीइंगची सुट्टी मध्येच सोडली आणि महापौर ख्रिश्चन उडे यांना भेटून सवलतीची बोलणी केली. महापौर बधले नाहीत. दहा वर्षं काम चाललं, २०१३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. लिनक्सवाल्यांना वाटलं, हे बघा, झालं की नाही!

पुढच्या निवडणुकीनंतर महापौर बदलले. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, बाहेरून येणाऱ्या वर्ड-एक्सेलच्या फाइली नीट उघडत नव्हत्या. २०१७ मध्ये परिषदेनं परत विंडोजवर जायचा निर्णय घेतला. आणि २०२० मध्ये नवी आघाडी आली, तिनं शक्य तिथं ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं ठरवलं. सरकार बदललं की रस्त्याचं नाव बदलावं तसं हे चाललंय.

आपल्याकडं केरळनं मात्र हे शाळांमध्ये जमवून दाखवलं. तिथल्या सरकारी शाळांमधलं कॉम्प्युटर शिक्षण गेली कितीतरी वर्षं लिनक्सवर चालतं. पोरांना जुनी सवय सोडायची नसते, हे त्यातलं मोठं कारण.

‘शेवटची’ विंडोज

विंडोजच्या भविष्याचे जोकही काही कमी नाहीत. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्यानं कंपनीच्या परिषदेत सांगितलं की विंडोज १० ही विंडोजची शेवटची आवृत्ती, यापुढं हीच सुधारत राहणार. २०२१ मध्ये विंडोज ११ आली. मीम बनवणाऱ्यांना त्या आठवड्यात दुसरं काही बनवावं लागलं नाही.

पण याचा एक भाग हसण्यासारखा नाही. विंडोज ११ साठी कॉम्प्युटरमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा आणि ठराविक सालानंतरचा प्रोसेसर लागतो. साधारण २०१७ च्या आधीचे बहुतेक कॉम्प्युटर त्यात बसत नाहीत. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. म्हणजे परवापर्यंत व्यवस्थित चालणारा, नादुरुस्त न झालेला कॉम्प्युटर एका तारखेला ‘जुना’ ठरला. तो चालतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवायच्या तर मुदतवाढीच्या योजनेत नाव घालावं लागतं, आणि ती मुदतही संपणारी आहे.

त्याच सुमाराला ‘एंड ऑफ टेन’ नावाची मोहीम निघाली. जुना कॉम्प्युटर फेकू नका, त्यावर लिनक्स टाका, एवढंच तिचं सांगणं. आणि कमेंटमध्ये अर्थातच, "म्हणजे यंदा खरंच लिनक्सचं वर्ष?"

या सगळ्यात सगळ्यात मोठा विनोद मायक्रोसॉफ्टनंच केला. २००१ मध्ये बामर यांनी लिनक्सची तुलना कॅन्सरशी केली होती. त्या काळात ‘मायक्रोसॉफ्ट लिनक्स आणणार’ हे वाक्य म्हणजे एक एप्रिलचा माल होता. २०१६ मध्ये कंपनीनं विंडोजच्या आत लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायची सोय जाहीर केली. २०१८ मध्ये स्वतःचा लिनक्स कर्नल वापरणारं ॲझ्युअर स्फिअर हे उत्पादन आणलं. आणि २०१९ मध्ये सांगितलं की आता विंडोजबरोबर अख्खा लिनक्स कर्नलच मिळेल. डेस्कटॉपवर लिनक्स आली ती अशी, विंडोजच्या मांडीवर बसून.

२०३५ मधून आलेला माणूस

एप्रिल २०१४ मध्ये मॉन्ट्रियलला प्रोग्रामर लोकांची एक परिषद झाली. तिथं गॅरी बर्नहार्ट नावाचा प्रोग्रामर स्टेजवर आला आणि आपण २०३५ सालातून बोलतोय अशा थाटात त्यानं जावास्क्रिप्टचा ‘इतिहास’ सांगितला. जावास्क्रिप्ट म्हणजे वेबसाइट हलत्या-बोलत्या करणारी भाषा. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये ती दहा दिवसांत बनवली, आणि त्या घाईच्या खुणा तिच्यात आजही आहेत. भाषणभर बर्नहार्टनं तिचा उच्चार ‘यावास्क्रिप्ट’ केला, जणू भविष्यात मूळ उच्चारच लोक विसरलेत.

त्याच्या कथेत २०२० ते २०२५ या काळात मोठं युद्ध होतं, आणि त्यानंतर जगातलं सगळं सॉफ्टवेअर ब्राउझरसाठी बनलेल्या एका रूपात बदलून चालायला लागतं. कुठलीही भाषा लिहा, शेवटी ती त्याच साच्यात ओतायची. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभासुद्धा त्यालाच सामावून घेतो. जावास्क्रिप्ट स्वतः मरते, पण साचा उरतो. लोक खुर्चीवरून पडेपर्यंत हसले.

पुढच्याच वर्षी वेबअसेंब्ली जाहीर झाली. कुठल्याही भाषेतला प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये जवळपास पूर्ण वेगानं चालवणारा साचा. २०१७ संपेपर्यंत चारही मोठ्या ब्राउझरनी ती घेतली. आज फोटोशॉप ब्राउझरमध्ये उघडतं ते तिच्याच जोरावर. आणि २०१९ मध्ये डॉकर या सर्व्हरवरच्या प्रसिद्ध तंत्रज्ञानाचे जनक सॉलोमन हाइक्स यांनी म्हटलं की वेबअसेंब्ली आणि तिच्या जोडीचं तंत्र २००८ मध्ये असतं, तर डॉकर बनवायची गरजच पडली नसती.

कंपन्यांच्या गंभीर सादरीकरणांपेक्षा हा जोक जास्त जवळ गेला. याचं कारण साधं असावं. गंभीर भाकीत करणाऱ्याला काहीतरी विकायचं असतं, नोकरी टिकवायची असते, तोंडावर पडायची भीती असते. जोक मारणाऱ्याला यातलं काहीच नसतं. त्याला जे दिसतं ते तो ताणून सांगतो.

एक जोक मात्र महागात पडू शकतो

प्रोग्रामर मंडळींचा आणखी एक आवडता जोक आहे, ‘२०३८? तोवर मी रिटायर झालेलो असेन.’

युनिक्सच्या परंपरेत कॉम्प्युटर वेळ मोजतो ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. जुन्या पद्धतीत हा आकडा ठेवायला ३२ बिटांची जागा असते, आणि तिच्यात जास्तीत जास्त मावतो २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. हाच आकडा २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाईल’च्या व्ह्यूजनी ओलांडला होता आणि यूट्यूबनं काउंटरची मर्यादा वाढवल्याचं गमतीनं जाहीर केलं होतं. गाण्याचं ठीक आहे. घड्याळात हा आकडा भरला, की पुढच्या सेकंदाला तो उणे होतो आणि तारीख उडी मारून जाते थेट डिसेंबर १९०१ मध्ये.

नवे फोन, लॅपटॉप ६४ बिटांचे आहेत, त्यांच्या घड्याळाला अब्जावधी वर्षं पुरतील एवढी जागा आहे. ३२ बिटांच्या मशीनसाठीही लिनक्सनं २०२० मध्ये आपल्या ५.६ आवृत्तीत दुरुस्ती केली. प्रश्न आहे तो भिंतीत, कारखान्यात, मीटरमध्ये, लिफ्टमध्ये बसवलेल्या आणि नंतर कुणी हात न लावलेल्या छोट्या यंत्रांचा. ती कुणी अपडेट करत नाही, कारण ती चालू आहेत.

शिवाय २०३८ ची वाट बघायला लागतेच असं नाही. मे २००६ मध्ये एओएलसर्व्हर हे सॉफ्टवेअर काही ठिकाणी अचानक कोसळायला लागलं. कुणीतरी ‘कधीच मुदत संपू नये’ म्हणून १०० कोटी सेकंद अशी मुदत घातली होती, आणि त्या दिवशी आजची वेळ अधिक १०० कोटी ही बेरीज २०३८ ची रेघ ओलांडत होती. आता विचार करा, २०१८ मध्ये वीस वर्षांचं होम लोन काढलेल्या माणसाचा शेवटचा हप्ता कुठल्या साली येतो.

वायटूकेची आठवण असलेले लोक म्हणतील, तेव्हाही बोंब झाली आणि झालं काहीच नाही. ‘काहीच झालं नाही’, कारण आधीची काही वर्षं जगभर प्रोग्रामर बसून जुना कोड दुरुस्त करत होते. भारतातल्या आयटी कंपन्यांना त्या कामानं केवढा हात दिला, आणि त्याच लाटेत मुंबई-पुण्याची किती पोरं अमेरिकेला गेली, हे आता पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही आयटीवाल्याला विचारा.

जुनी रेघ संपते त्या क्षणी भारतात मंगळवार, १९ जानेवारी २०३८, सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील. बँका अजून उघडायच्या असतील. आणि ज्याच्या छंदातून हे सगळं सुरू झालं त्या लिनस टोरवाल्ड्सचा जन्म २८ डिसेंबर १९६९ चा, म्हणजे कॉम्प्युटरचं हे घड्याळ सुरू होण्याच्या चार दिवस आधीचा. युनिक्सच्या हिशोबात त्याची जन्मतारीखच उणे आहे. २०३८ च्या त्या सकाळी तो ६८ वर्षांचा असेल, रिटायर व्हायच्या वयाच्या बराच पुढं.